हरकत

पत्र पगाराच्या चिठ्ठीला पिन मारून आलं,
ग्रिम्सबीत, सोमवारी, पहाटेच्या पाळीला,
हॅडॉकचे क्रेट नुकतेच उतरत होते.
तासाला तेरा पाउंड पाच पेन्स होते,
पुढच्या महिन्यापासून बारा तीस.
खाली सही मागितली नव्हती.
नुसतं, कळावे.

पंच्याहत्तर पेन्सना एकोणचाळीस तासांनी गुणलं
सुरीच्या टोकानं, बर्फावर.
एकोणतीस पाउंड पंचवीस.
आठवड्याचा गॅस,
नाहीतर रेवाचा बसपास आणि वर थोडी चिल्लर.
मग त्यावर मासा ठेवला.

डायवा म्हणाली, गप्प राहू या,
लिथुआनियात तिच्या बापानं गप्प राहूनच घर बांधलं.
ग्रॅहम म्हणाला, झळ सगळ्यांनाच आहे,
डिझेल बघा, बर्फाचं बिल बघा,
आणि सरकारी किमानाच्या वरच आहोत की आपण अजून.
आपण म्हणताना तो
ऑफिसच्या दाराला पाठ लावून उभा होता,
आतल्या हीटरची ऊब जाऊ नये म्हणून.

कँटीनमध्ये मॉरीननं चहाचा मग बाजूला सारला.
तीस वर्षं याच टेबलावर काटे काढलेत तिनं,
युनियनचा बिल्ला ॲप्रनच्या आत लावते.
म्हणाली, करार दोघांचा असतो,
एकट्याला त्यातला आकडा खोडता येत नाही.
पण तू हूं की चूं न करता राबत राहिलीस,
तर तुझं गप्प राहणंच उद्या होकार धरतील.

मला हसू आलं.
सातासमुद्रापार येऊन बघते तर
इथल्या कायद्यालाही तेच ठाऊक,
जे स्थळ घेऊन आलेल्या आत्याला ठाऊक होतं:
पोरगी बोलत नाही ना, म्हणजे पसंत आहे.

आई देवगडच्या बाजारात बसायची.
दुपार कलली की भाव उतरायचा. हो, उतरायचा.
ऊन चढल्यावर सुरमई कुणाचीच वाट बघत नाही.
पण उतरवायची ती,
समोर बसलेल्याच्या तोंडाकडे बघून,
चार आणे इकडे, एक बांगडा तिकडे,
आणि बँकेतल्या साहेबानं परस्पर आकडा सांगितला तर
पाटीवर गोणपाट ओढून म्हणायची,
मासो माझो, भाव मी सांगतलंय.
घरी बसून चिठ्ठी पाठवायची
तिच्या गिऱ्हाइकाची छाती नव्हती.

रात्री रेवाच्या वहीतलं पान फाडलं.
मला ही कपात मान्य नाही.
मी कामावर येत राहीन, पण हरकत नोंदवून.
करारात आहे तो पगार मिळावा.
रेवानं स्पेलिंग तपासली, म्हणाली,
आई, कृपया घालू?
म्हटलं, घाल. एकदाच घाल.
पहिला कमी पगार ज्या दिवशी येईल,
तिथून तीन महिन्यांत एक दिवस कमी,
तेवढ्यात तक्रार गेली पाहिजे, मॉरीननं बजावलेलं.
कॅलेंडरवर अजून खूण केली नाही.
पेन मात्र तिथेच टांगून ठेवलंय.

पोटात गोळा होता, खोटं कशाला बोलू.
सहा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात गेले.
मागे डायवा, हातात तिचा कागद,
माझ्याच कागदावरून गिरवलेला,
इतका तंतोतंत, की खाली सुगंधा तारी लिहून
मग खोडून तिचं नाव.

ग्रॅहमनं माझा कागद वाचला.
परत वाचला.
गिऱ्हाईक दुसऱ्यांदा वाकून कल्ले उघडून बघायला लागलं
की आई काही बोलायची नाही,
पदराला हात पुसून घ्यायची.

मी ॲप्रनला हात पुसले.